पहिल्या स्लाइड रोलसाठी वेल्विया, प्रोव्हिया की एक्टाक्रोम?

प्रश्न
आजवर मी निगेटिव्ह फिल्मच वापरली आहे. डोंगर, धबधबे आणि पहाटेचा प्रकाश टिपण्यासाठी आता प्रथमच स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचे पारदर्शक चित्र उमटते ती) घ्यावी म्हणतो. वेल्विया ५०, प्रोव्हिया १००एफ आणि एक्टाक्रोम ई१०० यांपैकी सुरुवात कोणत्या फिल्मने करावी? माझ्याकडे ट्रायपॉड आणि स्पॉट मीटर (दृश्याच्या छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणारा मीटर) असलेला कॅमेरा आहे.

प्रतिसाद १
मी प्रोव्हिया सुचवेन. वेल्विया १९९० साली आली तेव्हापासून निसर्गछायाचित्रकारांची लाडकी आहे, आणि ढगाळ दिवशी ओल्या शेवाळाचा हिरवा रंग ती जसा खुलवते तसा दुसरी कोणतीही फिल्म खुलवत नाही. पण त्याच रोलवर सोबत्याचा चेहरा टिपला, तर तो उन्हाने भाजल्यासारखा तांबूस येतो. शिवाय तुम्हाला धबधबे टिपायचे आहेत, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागेल. प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत एक्स्पोजरमध्ये कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही, तर वेल्विया ५० ला ४ सेकंदांपासूनच वेळ वाढवून द्यावा लागतो आणि रंग सावरण्यासाठी किरमिजी फिल्टरही लावावा लागतो.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, परंतु फिल्मच्या निवडीपेक्षा मीटरिंगची सवय बदलणे अधिक निकडीचे आहे. निगेटिव्हवर एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त झाला तरी निभावते. स्लाइडचा उजेड-सावली सामावण्याचा आवाका जेमतेम पाच स्टॉपचा, त्यामुळे तिथे ते खपत नाही. माझ्या पहिल्या रोलवरचे ढग लाइट बॉक्सवर ठेवल्यावर नुसते कोरे, पारदर्शक दिसले, आणि जिथे काही उमटलेलेच नाही तिथे स्कॅनरही काय करणार? ज्या सर्वांत उजळ भागातला तपशील हवा असेल त्यावर स्पॉट मीटर धरावा, मीटर सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त द्यावेत आणि सावल्या काळ्या पडल्या तर पडू द्याव्यात. पहाटेचे आकाश जमिनीपेक्षा फारच उजळ असेल, तर ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टरला (वरचा अर्धा भाग गडद असलेल्या, आकाशाचा उजेड कमी करणाऱ्या फिल्टरला) पर्याय नाही.

प्रतिसाद ३
एक्टाक्रोमबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून सांगतो. २०१२ मध्ये बंद झालेली ही फिल्म २०१८ मध्ये परतली. रंग स्वच्छ आणि संयत आहेत, मात्र उघड्या आकाशाखालच्या सावलीत स्लाइड निळसर होते. तिथे ८१ए हा रंग किंचित उबदार करणारा फिल्टर लावावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रोव्हियाच घेतो, आणि पहिल्या रोलवर प्रत्येक दृश्य अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकाने तीनदा टिपतो. ३६ फ्रेममध्ये बाराच दृश्ये बसतील, पण मीटरचा अंदाज तरी येईल.