मेडुसा सुंदर झाली, तेव्हा ग्रीक कलेने काही गमावले का?

अश्मक:
मेडुसा म्हणजे ग्रीक पुराणकथांतील गॉर्गन या तीन राक्षसी बहिणींपैकी एक, जिच्याकडे पाहणारा दगड होई. ग्रीक कलेतील ही मेडुसा जसजशी सुंदर होत गेली, तसतशी ती निष्प्रभ झाली, असे माझे ठाम मत आहे. कॉर्फू बेटावरील आर्टेमिस देवीच्या मंदिराचा इ.स.पू. 580 च्या सुमाराचा दर्शनी त्रिकोण, म्हणजे छताखालचा शिल्पपट, पाहा. सुमारे 3 मीटर उंचीची गॉर्गन गुडघे दुमडून धावते आहे. पाय एका बाजूला वळलेले असले तरी चेहरा थेट आपल्याकडे आहे, डोळे वटारलेले आहेत, जीभ बाहेर आली आहे आणि कमरेला दोन सापांची गाठ मारलेली आहे. शेजारी पेगॅसस आणि क्रायसाओर ही तिची अपत्ये आहेत. कथेप्रमाणे पर्सियस या वीराने तिचे शिर उडवल्यावर तिच्या मानेतून ती जन्मतात. इथे मात्र शिर धडावर शाबूत आहे आणि मुलेही हजर आहेत. म्हणजे शिल्पकाराला गोष्ट सांगायची नव्हती, देवीच्या दारी येणाऱ्यावर दरारा बसवायचा होता. आता म्युनिकच्या ग्लिप्टोथेकमधील ‘रोंदानिनी मेडुसा’ हा रोमन काळातील संगमरवरी मुखवटा पाहा. केसांत दोन पंख, हनुवटीखाली सापांची नेटकी गाठ, ओठ किंचित विलग. कारागिरी अप्रतिमच आहे, पण या चेहऱ्याला भिणार कोण?

मृद्गंध:
भीती विद्रूपातूनच निर्माण होते, हे गृहीतकच मला मान्य नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पॉलिग्नोटस या चित्रकाराचे मानले जाणारे एक मृत्पात्र आहे, इ.स.पू. 450 ते 440 च्या दरम्यानचे. त्यावर मेडुसा डोळे मिटून शांत झोपली आहे. चेहरा एखाद्या साध्या तरुणीचा आहे. पर्सियसने कोयत्यासारखे शस्त्र तिच्या मानेशी आणले आहे आणि स्वतःची मान मात्र फिरवून तो अथेना देवीकडे पाहतो आहे. तिची नजर टाळण्यासाठी त्याला मान वळवावीच लागते, हे खरे. पण तिचे डोळे मिटलेले असल्यामुळे ती वळलेली मान आपल्याला वेगळी दिसू लागते. झोपलेल्या स्त्रीचा गळा कापला जाणार आहे आणि मारणारा तिच्याकडे पाहत नाही. कॉर्फूच्या शिल्पासमोर आपण दबतो, इथे आपण अस्वस्थ होतो, आणि दुसरी गोष्ट साधणे मला अधिक अवघड वाटते.

शिल्पवेध:
मेडुसा निष्प्रभ झाली, म्हणजे दरारा बसवून राखण करण्याचे तिचे काम संपले, हेच मुळात खरे नाही. पाँपेईतील ‘हाउस ऑफ द फॉन’ या घराच्या फरशीवर, इ.स.पू. 100 च्या सुमारास, अलेक्झांडरच्या लढाईचे जे प्रसिद्ध मोझेक घडवले गेले, त्यात त्याच्या उरस्त्राणावर गॉर्गनचे मुख आहे. इंग्लंडमधील बाथ येथे सुलिस मिनर्व्हा या देवीच्या मंदिराच्या त्रिकोणात तर मिशा असलेला, केसांत साप मिसळलेला उग्र पुरुषी चेहरा कोरलेला आहे. रोमन काळातही दरारा हवा होता आणि तो घडवताही येत होता.

अश्मक:
बाथच्या चेहऱ्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्याला समुद्रदेव ओशनस मानतात. तो गॉर्गनचाच आहे असे धरले, तरी त्यातून माझेच म्हणणे पुढे जाते, कारण जिथे दरारा हवा होता तिथे शिल्पकाराने सुंदर चेहरा निवडलेला नाही. जुन्या अथेन्सच्या मद्यपात्रांवरही हेच दिसते. बाहेरून दोन मोठे डोळे, आत तळाशी गॉर्गन. वाइन संपत आली की जीभ काढलेला चेहरा पिणाऱ्यासमोर येई. आपल्या मंदिरांच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख घ्या. त्याचा ग्रीसशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण शतकानुशतके त्याचे सुळे आणि बटबटीत डोळे कायम राहिले, कारण त्याला दारावरचे काम आहे.

मृद्गंध:
ही तुलना मला उपयोगी वाटते, पण ती नेमकी उलट बाजूने. स्वतःचेच अंग खाण्याची कथा कीर्तिमुखालाही आहे, मात्र त्याच्यामागे रडणारे कोणी नाही. मेडुसाला बहिणी आहेत, आणि तिघींपैकी ती एकटीच मर्त्य आहे. ग्रीक कवी पिंडारने इ.स.पू. 490 मध्ये बासरीसारखे वाद्य वाजवणाऱ्या एका विजेत्यासाठी रचलेल्या स्तोत्रात, तिच्या मृत्यूवरचा बहिणींचा आक्रोश ऐकून अथेनाने त्या वाद्याचे सूर निर्माण केले असे सांगितले आहे, आणि त्याच रचनेत मेडुसाला सुंदर गालांची म्हटले आहे. शिल्पे आणि पात्रे अजून जीभ बाहेर काढलेले चेहरे दाखवत होती, त्या काळातली ही रचना आहे. ज्या समाजाने तिच्या मृत्यूवरचा विलाप ऐकला होता, त्याच्या चित्रकारांनी पुढे तिला माणसाचा चेहरा दिला, यात मला ऱ्हास दिसत नाही.