शब्दचर्चा: ‘सुप्रानॅशनल’ला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘प्रभाव’ हा शब्द पुरतो का?

प्रश्न (खानापूर): नमस्कार मंडळी. बेळगावात एलएलबी करतोय, युरोपियन युनियनच्या प्रशासकीय कायद्यावर मराठीत लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडकलो. ‘सुप्रानॅशनल’ला ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलं तर सर म्हणाले चुकलं. शिवाय तो कायदा आणि देशादेशाचा कायदा यांचा ‘एकमेकांवर प्रभाव’ पडतो असं लिहिलंय, ते तरी बरोबर आहे का सांगा.

उत्तर (निपाणी): सरांचं बरोबर आहे बाळा. आंतरराष्ट्रीय म्हणजे देशादेशांनी आपापसात ठरवलेलं. युरोपात 1951 साली सहा देशांनी कोळसा-पोलादाचा करार केला तेव्हापासनं गोष्ट वेगळी झाली, देशांनी आपल्या अधिकारातला एक तुकडा काढून वरच्या संस्थेला दिला, आणि तिचा विनियम (रेग्युलेशन) देशाच्या पार्लमेंटनं वेगळा पास न करताही नागरिकाला लागू होतो. मिलानच्या एका वकिलानं वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून लाइटबिल भरायचं नाकारलं, त्या एवढ्याशा बिलावरनं 1964 मध्ये युरोपच्या कोर्टानं सांगून टाकलं की देशाचा कायदा आडवा आला तर करारातून आलेला कायदा वरचढ. म्हणून ‘अधिराष्ट्रीय’ लिही, अधिकार, अधिपती यांतला ‘अधि’. ‘अतिराष्ट्रीय’ मात्र नको, लोक अतिराष्ट्रवादी असं वाचतील आणि अर्थ पार उलटा होईल.

उत्तर (शहापूर, बेळगाव): अधिराष्ट्रीय मलाही पटतं, पण ‘प्रभाव’वर थांबायला पाहिजे. प्रभाव मोठ्याचा धाकट्यावर पडतो, वरनं खाली. इथं तसं नाही. मी वीस वर्षं कोर्टकचेरीचे कागद कन्नडातनं मराठीत करतो, माझ्या टेबलावर रोज एक शब्द असतो, पहाणी. मूळ आपलंच पाहणी, शेतात जाऊन पीक बघणं, पीकपाहणी म्हणतो ते. तो शब्द कन्नड दप्तरात गेला आणि तिथं जमिनीच्या उताऱ्याचंच नाव झाला. आता आमच्या गावातली मराठी म्हातारीसुद्धा नातवाला सांगते, ‘नाडकचेरीतनं पहाणी काढून आण’. कोल्हापुरात कुणाला असं सांगा, तो विचारेल पाहणी काढून कशी आणायची? शब्द आपला, पण परत आला तो दुसराच अर्थ घेऊन, आणि आता आपल्यालाच तो त्या अर्थानं वापरावा लागतो.

युरोपात अगदी हेच झालंय. 1957 साली त्या कोळसा-पोलाद कोर्टापुढं नोकरदारांचं प्रकरण आलं, एकदा दिलेला प्रशासकीय निर्णय नंतर मागं घेता येतो का. करारात त्यावर अक्षर नव्हतं. मग कोर्टानं सहाही देशांचे कायदे काढून बघितले आणि त्यातनं नियम बांधला. म्हणजे वरचा म्हणतो तो कायदा मुळात खालनंच गेलेला. आणि वरनं खाली येताना काय होतं ते इंग्लंडात बघा. स्पॅनिश मालकांच्या मासेमारी बोटींचा खटला, इंग्लंडात तेव्हा सरकारविरुद्ध तात्पुरती मनाई, म्हणजे निकाल लागेपर्यंत सरकारला थांबवणारा हुकूम, मिळतच नसे. 1990 मध्ये युरोपचं कोर्ट म्हणालं, तुमचा हा नियम आमच्या कायद्यानं दिलेल्या हक्काच्या आड येत असेल तर बाजूला ठेवा. ठेवला. पण तो फक्त युरोपच्या कायद्यापुरता, म्हणजे बोटवाल्याला मनाईहुकूम मिळणार आणि घरच्या कायद्याखाली आलेल्याला नाही, हे किती दिवस टिकणार? 1993 मध्ये आश्रय मागणाऱ्या झाईरच्या एका माणसाच्या प्रकरणात, युरोपचा काही संबंध नसताना, तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं मंत्र्याविरुद्धही मनाई देता येते असं ठरवलं. याला मी ‘पाझर’ म्हणेन. तलाव एका शिवारात बांधला तरी शेजारच्या विहिरीला पाणी चढतंच की. तेव्हा दोन्ही बाजूंचं मिळून ‘देवाणघेवाण’ लिही, आणि नको तिथंही पोचलेलं असेल त्याला पाझर.

प्रश्नकर्ता: पाझर फार आवडला काका. आता ‘प्रपोर्शनॅलिटी’चं सांगा, मी ‘प्रमाणबद्धता’ लिहिलंय.

शहापूर: प्रमाणबद्धता म्हटलं की मूर्ती डोळ्यापुढं येते. या तत्त्वाचं मूळ प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या पोलिसी कायद्यात. बर्लिनच्या टेकडीवरचं युद्धस्मारक झाकलं जाऊ नये म्हणून पोलिसांनी आजूबाजूच्या घरांच्या उंचीला मर्यादा घातली होती, 1882 मध्ये तिथलं कोर्ट म्हणालं पोलिसांचं काम धोका टाळणं, देखावा जपणं नाही. त्या कोर्टांनी पुढं नियम घडवला की उपाय गरजेपुरताच हवा. तिथनं तो युरोपच्या कोर्टात, तिथनं इंग्लंडात, आणि 2000 मध्ये ओमकुमार खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानंही त्याची सविस्तर चर्चा केली. रोगापेक्षा औषध जालीम नसावं, एवढंच. मी ‘तारतम्य’ लिहितो.

निपाणी: तारतम्य नको हो. ते माणसाच्या अंगी असतं किंवा नसतं, साहेबाला तारतम्य आहे म्हणतो आपण. इथं कोर्ट पायरी पायरीनं तपासतं, उपायानं हेतू साधतो का, यापेक्षा सौम्य मार्ग होता का, माणसाचं नुकसान जास्त होतंय का. शब्दात कसोटी दिसलीच पाहिजे. ‘गरजेपुरतेपणाची कसोटी’ लिही, लांब आहे पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.

शहापूर: कसोटी पाहिजे हे मान्य. तारतम्य मागं घेतो.