सुरतचा होलसेलवाला निम्मे पैसे आधी मागतोय, पाठवू का?

तासगावची गृहिणी
नमस्कार. गौरी-गणपतीआधी घरातूनच साड्या विकायला सुरुवात करायची आहे. होलसेलवाल्यांची यादी असते तशा एका साइटवर सुरतचा व्यापारी सापडला. नावापुढे 'व्हेरिफाइड'चं हिरवं चिन्ह आहे. 120 साड्या, 210 रुपये नग, म्हणजे 25,200. निम्मे आधी, निम्मे माल निघताना. जीएसटीचं सर्टिफिकेट आणि दुकानाचा व्हिडिओ पाठवलाय. खातं मात्र एका बाईच्या नावावर आहे. म्हणतो, मिसेसचं आहे. आज संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर माल दुसऱ्याला देणार म्हणतो. पैसे बचत गटातून उचललेत, म्हणून विचारते.

बार्शीची साडीवाली
ताई, आज एक रुपयाही टाकू नका. माझे 2022 साली 28,500 गेले, अगदी अशाच पद्धतीने.

मलाही सर्टिफिकेट आलं होतं आणि ते खरं होतं. पण ते दुसऱ्याच कुणाचं होतं! व्यापारी आपलं सर्टिफिकेट दहा जणांना पाठवतात, त्यातलंच एखादं चोराच्या हाती लागतं. म्हणून कागद बघून थांबू नका. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो 15 अंक-अक्षरांचा नंबर टाका. लॉगिन लागत नाही. गुजरातचा नंबर 24 ने सुरू होतो, आपला 27 ने. तिथे मालकाचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, रिटर्न भरलेत का, सगळं दिसतं. आता यूपीआयवर पैसे टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव त्याच्याशी जुळवा. मालकाचं नाही, दुकानाचंही नाही, तर व्यवहार तिथेच थांबवा. मिसेस, मेहुणा, अकाउंटंट, काहीही सांगू दे.

ते हिरवं चिन्ह बऱ्याच साइटवर पैसे भरून मिळतं. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवलं तरी हुरळू नका, ती नोंदणी आपणच दिलेल्या माहितीवर होते आणि फुकट असते.

मला पैसे भरल्यावर बिल्टीचा, म्हणजे माल ट्रान्सपोर्टला दिल्याच्या पावतीचा फोटो आला. तो घेऊन मी सोलापूरला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गेले. तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं, नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे पार्सल मागच्या महिन्यात सुटलं. नटबोल्टचं होतं." मग मी फोटो मोठा करून पाहिला. नाव लिहिलेल्या जागी कागद थोडा जास्तच पांढरा दिसत होता. घरी चार दिवस कुणाला सांगितलं नाही, तिथेच चुकलं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडकले तरी असते. मी केला तेव्हा खातं रिकामं होतं.

इचलकरंजीचा कापडवाला
एक बाजू सांगतो. आगाऊ मागणं यात वावगं काही नाही. नवीन गिऱ्हाइकाला उधारीवर माल कोण देईल? मीही घेतोच. पण मी करंट खात्यावर घेतो आणि आधी बिल देतो. आणखी एक, पहिल्याच व्यवहारात 120 नग घेऊ नका. एकच सेट मागवा, कापड हातात घेऊन बघा, एक साडी धुवून रंग जातो का पाहा. खरा व्यापारी सॅम्पलला थोडा जादा दर लावेल, पण नाही म्हणणार नाही.

सुरतचा खानदेशी
मी लिंबायतला राहतो, रिंग रोडवर पार्सल पॅकिंगचं काम करतो. इथल्या दुकानाच्या पत्त्यात मार्केटचं नाव, मजला आणि दुकान नंबर असतो. नुसतं 'रिंग रोड, सुरत' असेल तर सावध व्हा. व्हिडिओ रेकॉर्ड केलेला नको, लाइव्ह कॉल करायला सांगा. बाहेर येऊन पाटी दाखवा म्हणावं, शेजारच्या दुकानाचीसुद्धा. खरा दुकानदार वैतागेल, पण दाखवेल.

माल निघताना 'इन्शुरन्सचे पाच हजार, परत मिळतील' असं कुणी म्हणालं तर समजून जा. हे रडगाणं आमच्या दारात येऊन बसलेल्या लोकांकडून मी बऱ्याचदा ऐकलंय. बिल्टी घेऊन येतात बिचारे, जळगाव-धुळ्याहूनसुद्धा.

तासगावची गृहिणी
पोर्टलवर बघितलं. नंबर चालू आहे, पण मालकाचं आडनाव वेगळं आणि धंदा हार्डवेअरचा. लाइव्ह कॉलचं म्हटल्यावर त्याने 'मार्केटमध्ये नेटवर्क नाही' म्हटलं आणि दहा मिनिटांनी माझा नंबर ब्लॉक केला. हात अजून थरथरतोय. बार्शीच्या ताई, तुमच्यामुळे गटातल्या अकरा जणींचे पैसे वाचले.

आता मी आणि जाऊबाई स्वतःच सुरतला जाऊन येणार आहोत. दादा, कोणत्या वारी यावं?

सुरतचा खानदेशी
रविवार सोडून कधीही. सकाळी अकरानंतर या, त्याआधी शटर उघडत नाहीत. आणि चेन असलेली पिशवी आणा, गर्दी फार असते.

बार्शीची साडीवाली
त्या नंबराची तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर आजच टाका, पैसे गेले नसले तरी. स्क्रीनशॉट डिलीट करू नका.