साध्या माणसाचा माग : कागदांत भेटलेले आपले पूर्वज

आमच्या पणजीला घरात सगळे ‘मोठी आई’ म्हणत. तिचं खरं नाव बाबांना माहीत नव्हतं, आत्यालाही नाही. मागच्या मे महिन्यात वाटणीच्या कामासाठी तालुक्याला जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, काढायला गेलो. १९२६ सालच्या नोंदीत पणजोबा मयत, वारस दोन मुलगे, दोघेही अज्ञान, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून एक नाव. अज्ञान पालनकर्ता. जमीन तिची नव्हेच, ती नुसती सांभाळणारी. पण त्या तीन अक्षरांच्या आधाराने बाई कागदावर आली. मुलगे सज्ञान झाले आणि पुढच्या फेरफारात ती पुन्हा गायब.

मग आत्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत एक गहाणखत निघालं. आठ आण्यांचा स्टॅम्प, माथ्यावर पंचम जॉर्ज, खाली मोडीतला मजकूर. बैल आणि बियाण्यासाठी साठ रुपये. तळाला ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ आणि जांभळा ठसा, उचलताना जरासा ओढला गेलेला. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. तिचा बराच लहान होता.

राजे, सरदार, देशमुख यांच्या बखरी पुष्कळ झाल्या. या धाग्यावर आपापल्या टोपणनावाने जमीन कसणारी कुळं, शिपाई, गिरणीवाले, सुइणी यांच्याबद्दल लिहा. कुठल्या कागदात काय मिळालं, काय मिळालं नाही, दोन्ही. गोत्र-देवक आणि शहाण्णव कुळांचा वाद मात्र कृपया दुसरीकडे.

खाडीपल्याड

आमच्या गावात शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. नावं नाहीत, आकडे. आजीचे चुलते त्या दुसऱ्या आकड्यात. घरात एवढंच म्हणत, ‘बसऱ्याला गेला.’ मी लहानपणी समजायचो, मोती आणायला गेला असेल.

पेन्शनच्या एका फाटक्या कागदावर पलटणीचा नंबर मिळाला : ११० मराठा. तेवढ्याने गाठ सुटली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस सुरुवातीला घेतलंच नाही. नंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदुस्थानी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) यादीत आडनावाने शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. गावाच्या नावाने शोधलं आणि अर्ध्या तासात सापडले. बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं जुळलं. मृत्यू सप्टेंबर १९१६, म्हणजे कैदेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदुस्थानी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, साध्या शिपायांची पलटणवार संख्या. आमच्या पाटीसारखंच.

तिथी माहीत नाही म्हणून शंभर वर्षं त्यांचं पान सर्वपित्रीला वाढत होते. गेल्या वर्षी तारीख देऊन गुरुजींकडून तिथी काढून घेतली.

माहेरवाशीण

काकांचा दहावा नाशिकला, रामकुंडावर होता. उपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आणि पाऊण तासात लाल बासनातली लांबुळकी वही घेऊन आले. पणजोबांच्या हातची मोडी नोंद, शके १८२१. शकात ७८ मिळवले की १८९९, म्हणजे ते मोठ्या दुष्काळाचं साल. खायला नाही तेव्हा कुणी तीर्थाला कसं निघालं? पुढची ओळ वाचून दाखवली : धाकट्या भावाच्या अस्थी घेऊन आले. आमच्या वंशावळीत धाकटा भाऊच नाही! त्यांचं लग्न झालेलं नसावं, म्हणून वंशावळ लिहिणाऱ्याने गाळले, असा माझा अंदाज.

आणि हो, त्या वहीत सुनांची नावं आहेत, लेकींची नाहीत. मी माझं लिहून घ्या म्हटलं. उपाध्याय म्हणाले, ‘ताई, तुमचं सासरच्या वहीत.’

बदली खाते

वरचे सगळे अनुभव वाचले. फेरफार, गहाणखत, वंशावळ. आमच्याकडे यातलं काही नाही, कारण जमीनच नव्हती. महार वतनाचा, म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दलच्या जमिनीचा, जो तुकडा होता त्याच्यापुढे जुन्या कागदात माणूसच नाही, नुसतं ‘समस्त महार’. खापरपणजोबा त्या ‘समस्त’मध्ये कुठेतरी उभे असणार. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, त्याच्या आधीचं आम्हाला अजून काही मिळालेलं नाही.

आजोबा एकटे, स्वतःच्या नावाने पहिल्यांदा दिसतात ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, १९३४ साली. जन्मतारीख १ जून (अर्थात). शाळा सोडण्याचं कारण : ‘बापाबरोबर मुंबईस’. मुंबईत ते गिरणीत बदलीवर लागले. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम. पत्र्याच्या डब्यात त्यांचा बदली पास आहे आणि बीडीडी चाळीच्या भाड्याच्या पावत्या, दोऱ्यात ओवलेल्या. मी त्या महिन्यांप्रमाणे चटईवर मांडल्या. १९५० च्या ऑगस्टनंतर दोन महिन्यांची जागा रिकामी, मग चार वेगवेगळ्या तारखांना अर्धा-अर्धा भरणा. त्या साली बोनससाठी गिरण्यांचा दोन महिन्यांचा संप झाला होता. आजोबा संपाबद्दल कधी बोलले नाहीत. पावत्या बोलल्या.

कोतवाल बुक

थोडक्यात लिहितो. जुना गाव नमुना १४, जन्ममृत्यूचं रजिस्टर, आमच्याकडे त्याला कोतवाल बुकच म्हणतात. १९१८ चं पान उघडलं तर ऑक्टोबर संपतच नाही. एरवी वर्षाला दोन-तीन पानं, त्या महिन्यालाच पाच. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खाली फक्त टिंबं. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीलाच म्हातारी माणसं मानमोडी म्हणत. आमच्या घरातले तीन त्याच आठवड्यात. तिसरी नोंद ‘मुलगी, ४ दिवस’. नाव ठेवायच्या आधीच गेली.

मोडीवाला

तारखांवर पुष्कळ जण आपटतात म्हणून सांगतो. इसवी साल काढायला शकात ७८ मिळवा, आपल्याकडच्या फसलीत (महसुली सालात) ५९०, शुहूर सनात (पेशवाईच्या कागदांवरच्या अरबी आकड्यांच्या सालात) ५९९. साल कधी आधी सुरू होतं कधी नंतर, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा. पेशवाईतल्या कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ दिसलं तर घाबरू नका, तो मंत्र नाही. तीन, सत्तर, शंभर आणि हजार : ११७३, म्हणजे इसवी १७७२-७३. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको. एकाने ‘कोम’ हे आडनाव समजून सहा महिने घालवले होते. (तो मीच.)

मोकाकर

मी मॉरिशसहून लिहिते. मराठी शाळेत शिकलेली आहे, चुका सांभाळून घ्या. इथे मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. मुंबईहून आलेल्या माझ्या पूर्वजाच्या पानावर नंबर आहे, जहाज आहे, वय, उंची, बापाचं नाव, आणि खूण : तोंडावर देवीचे व्रण. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही, म्हणून हे व्रण हाच त्यांचा चेहरा. गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. जिल्हा ‘रत्नागेरी’ तरी कळतो, पण गावाच्या जागी जे आहे त्याचा उच्चार ‘सुंगमीसर’ असा काहीतरी होतो. नकाशात असं गाव सापडत नाही. कुणाला माहीत आहे का?

खाडीपल्याड

ताई, घाईघाईत मोठ्याने म्हणून बघा. संगमेश्वर. आमच्यापासून एसटीने दीड तास.