मदत हवी आहे: पोच्ड अंडं पाण्यातून अखंड कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. आमचे आबा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, साहेबलोकांच्या नाश्त्याला रोज पोच्ड अंडी, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेली, करायचे. आता हात थरथरतो, झारा धरवत नाही. येत्या रविवारी त्यांना ७५ पुरी होतात. त्या सकाळी त्यांच्या बशीत तसंच एक अंडं मला वाढायचं आहे. विचारलं तर म्हणतात, "त्यात काय सांगायचं गं, पाण्यात सोडायचं."

चार दिवसांत अकरा अंडी वाया गेली. पाणी खळाखळा उकळलं, तीन मोठे चमचे व्हिनेगर घातलं, चमच्याने भोवरा केला, मधोमध अंडं फोडलं. पांढऱ्याच्या चिंध्या झाल्या आणि बलक उघडाच तळाशी बसला. झाऱ्यात आला तो शेवयांचा गुंता. आई म्हणाली, "काय करूलालीस गं हे?"

आई स्वतः रस्सा करते तेव्हा उकळत्या रश्श्यातच अंडी फोडून सोडते आणि ती जागच्या जागी धरतात! मग साध्या पाण्यात का नाही?

अंडी दुकानातल्या ट्रेमधली आहेत, आठवड्याची तरी असतील. खानापूरच्या मावशीकडून गावठी आणू का? शिवाय बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, इथे पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, उंचीचं सोडा, याला उकळतं पाणी लागतच नाही. पांढरं ६२ अंशांच्या आसपास धरायला लागतं, बलक ६५ ते ७० मध्ये घट्ट होत जातो. पाणी ८०-८५ अंशांवर ठेवा. म्हणजे तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले, वर वाफ, पण खळखळ नाही. चिंध्या त्या खळखळीनेच होतात. रस्सा वाटणामुळे दाट असतो, त्यात पांढऱ्याला पसरायला वाव मिळत नाही.

दुसरा घोळ अंड्याच्या वयाचा. दिवस जातात तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दाट पांढरं पातळ पडतं. म्हणून अंडं आधी बारीक गाळण्यात फोडा. पाणीदार भाग खाली गळून जाईल, दाट पांढरं बलकाला धरून वर राहील. ते वाटीत घ्या, वाटीची कड पाण्याला टेकवा आणि अलगद सोडा. तीन ते चार मिनिटं. व्हिनेगर लिटरभर पाण्याला एक चमचा पुरे, जास्त झालं की चव आंबट लागते. मावशीकडची त्याच दिवशीची अंडी मिळाली तर फारच छान. ती लहान असतात, तेव्हा वेळ थोडा कमी धरा.

प्रतिसाद, बेळगाव कॅम्पातून

एक काळजीचं सांगते. या वयात पातळ बलक नको, कच्चट अंड्यातून साल्मोनेला या जंतूचा त्रास होऊ शकतो. सहा-सात मिनिटं ठेवून बलक पुरता घट्ट करा, वरून रूप तेच दिसतं. काढल्यावर झाऱ्याखाली स्वच्छ फडकं धरून पाणी टिपा, नाहीतर टोस्ट भिजतो. कडेचे सुटे धागे कात्रीने कापले की अंडं गोल दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी ट्रेमधल्याच अंड्यावर करून पाहिलं. गाळण्याखाली चांगलं दोन चमचे पाणी गळलं, तेच इतके दिवस पातेलं गढूळ करत होतं! अंडं पाण्यात सोडलं, क्षणभर तळाला टेकलं, मग पांढरं आपोआप बलकाभोवती मिटत गेलं. रविवारी मावशीकडची अंडी वापरीन आणि पूर्ण सात मिनिटं ठेवीन.

मी करत होते तेव्हा आबा दारात येऊन उभे होते. काही बोलले नाहीत. पुढे आले, गॅस आणखी थोडा बारीक केला आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.