कयाकवरून स्कूबा डायव्हिंग: खाली उतरल्यावर कयाक नांगरावी की सोबत ओढावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी आणि माझा मित्र, दोघांकडेही स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे आणि गंगापूर धरणाच्या जलाशयात कयाक वल्हवण्याचा सरावही बऱ्यापैकी झाला आहे. येत्या हिवाळ्यात मालवणच्या बाजूला, भाड्याची बोट न घेता, स्वतःच्या दोन सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर बसायच्या) कयाकवरून किनाऱ्याजवळच्या आठ-दहा मीटर खोल खडकाळ भागात डायव्ह करावी, असा विचार आहे. मात्र दोघेही पाण्याखाली गेलो की वर कयाक सांभाळायला कोणी उरत नाही. आमच्याकडे दीड किलोचा घडीचा नांगर आणि ३० मीटर दोर आहे. नांगर टाकून निर्धास्त खाली जावे, की रीलचा (दोर गुंडाळायच्या फिरकीचा) दोर बीसीडीच्या (हवा भरून तरंगता येणाऱ्या डायव्हिंग जॅकेटच्या) कड्याला अडकवून कयाक ओढत न्यावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खारेवारे

तुम्ही दिलेल्या खोलीला आणि तळाला नांगरच योग्य आहे, परंतु "निर्धास्त" हा शब्द तेवढा काढून टाका. दहा मीटर पाण्यात ३० मीटर दोर म्हणजे खोलीच्या तिप्पट लांबी झाली. वारा पडलेला असताना आणि नांगराला मीटर-दोन मीटर साखळी जोडलेली असताना तेवढी पुरते, कारण साखळीच्या वजनाने ओढ तळाशी आडवी राहते आणि नांगराचे हूक रुततात. वारा सुटला की पाचपट दोर हवा. शिवाय मालवणला उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती-ओहोटीत दोनएक मीटरचा फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला मोजलेल्या खोलीवर दोराचा हिशेब करू नका. भांगाच्या (अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीच्या) दिवसांत, भरती पूर्ण होऊन पाणी थबकण्याच्या सुमारास उतरलात तर प्रवाह सर्वांत कमी मिळेल. डायव्ह सकाळीच उरका. दुपारी खारे वारे वाढले की रिकामी कयाक शिडासारखी वारा धरते.

दोर कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधावा. मध्यावर, बाजूच्या कडीला बांधलेली कयाक प्रवाहाला आडवी होते आणि लाटेसरशी उलटू शकते. वल्ही आडवी करून घट्ट बांधा. दुसरी कयाक पहिलीच्या मागे आखूड दोराने जोडता येते, मात्र मग एकाच नांगरावर दोन्हींचा भार येतो, हे ध्यानात असू द्या.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नांगराच्या दोरालगतच खाली उतरणे आणि तळाशी पोहोचल्यावर, इतर काहीही करण्याआधी, नांगर स्वतःच्या डोळ्यांनी तपासणे. हूक खडकाच्या फटीत पक्का बसला आहे का, दोर कुठे धारदार कडेवर घासतो आहे का, हे वरून कधीच कळत नाही. प्रवाळावर नांगर टाकू नये. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार प्रवाळ संरक्षित आहेत, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या भागात तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथल्या परवानगीची चौकशी आधीच करावी. त्यानंतर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने पोहायला सुरुवात करा, म्हणजे हवा कमी उरलेली असताना परतीला प्रवाह तुमच्या बाजूने असेल. परतल्यावर नांगर सोडवून त्याच दोराजवळून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा कमी वेगाने वर यावे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. नांगर मोकळा केला की कयाक वाहू लागते, म्हणून दोर त्या वेळी हातात असायलाच हवा.

पंचवटीचा पाणबुड्या

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी ओढण्याचा पर्याय त्यांनी पुरता बाजूला सारला, हे मला पटत नाही. पाणी गढूळ असेल तर नांगराचे ठिकाण पुन्हा सापडणे ही मोठी कसोटी असते, आणि प्रवाहासोबत वाहत जाण्याची डायव्ह असेल तर परतीच्या दिशेने पोहण्यात अर्थच नसतो. अशा वेळी कयाक सतत डोक्यावर असणे सोयीचे ठरते. तिच्यावर उंच काठीला डायव्हिंगचा निळा-पांढरा ध्वज लावला की मच्छीमारांच्या होड्यांना आणि पर्यटकांच्या वेगवान बोटींना तुमची जागाही कळते.

मात्र दोर बीसीडीच्या कड्याला मुळीच अडकवू नका, आणि मनगटाला गुंडाळूही नका. वर लाट आली की कयाक उचलली जाते व तो हिसका थेट तुमच्या अंगावर येतो. पाच मीटरवर थांबलेले असताना असा हिसका बसला तर श्वास रोखलेल्या माणसाच्या फुप्फुसाला इजा होऊ शकते. रील हातात धरावे आणि प्रसंगी सोडून देता यावे, एवढेच नाते दोराशी असावे. दहा मीटरसाठी बारा ते पंधरा मीटर दोर पुरे. जास्त सोडला तर सैल पोट पडून तो खडकात किंवा सोडून दिलेल्या जाळ्यात अडकतो. दोघांत एकच कयाक ओढावी.

जलाशयप्रेमी

तालमीसाठी गंगापूरचा विचार मनात येईल म्हणून लिहितो. ते नाशिक शहराला पिण्याचे पाणी पुरवणारे धरण आहे. जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे स्कूबा करू नये. परवानगी मिळालीच, तर गोड्या पाण्यात वजनपट्ट्यावरचे वजन कमी लागते, आणि जलाशयाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर असल्याने समुद्रासाठीचे डायव्हिंगचे तक्ते (किती खोलीवर किती वेळ राहता येते ते सांगणारे) तसेच्या तसे वापरता येत नाहीत; ३०० मीटरच्या वर उंचीचा हिशेब करावा लागतो. हीच उंची परतीच्या प्रवासातही आडवी येते. मालवणहून घाट चढून नाशिककडे निघणे म्हणजे डायव्हनंतर उंचीवर जाणेच होय, म्हणून एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबून निघावे.

नांगर टाकण्याचा आणि पाण्यातून कयाकवर चढण्याचा सराव मात्र, बोटिंगला जिथे परवानगी आहे तिथे, सिलिंडरशिवायही होतो. आधी वजनपट्टा वर द्यायचा, मग बीसीडी फुगवून काढायची व आखूड दोराने कयाकला बांधायची, त्यानंतर पोटावर चढून वळून बसायचे आणि शेवटी बीसीडी वर ओढून घ्यायची. हा क्रम अंगवळणी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नका.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे आभार. नांगरच वापरायचे ठरवले आहे. साखळी आणि आणखी दोर घेतो. एक शंका उरते. मासेमारी करणारे कयाकवाले साखळी नांगराच्या बुडाशी जोडतात आणि वरच्या कड्याला ती केबल टायने बांधतात, म्हणजे नांगर अडकल्यास टाय तुटून तो उलटा निघतो. आम्हीही तसेच करावे का?

खारेवारे

करू नये. ती युक्ती कयाकवर बसून राहणाऱ्यासाठी आहे. नांगर अडकला तर त्याला खाली जाता येत नाही. तुम्ही तर खालीच असता, हाताने सोडवू शकता. उलट, तुम्ही पन्नास मीटर दूर असताना वाऱ्याच्या झोताने टाय तुटला तर नांगर निघेल आणि दोन्ही कयाक जातील. साखळी वरच्या कड्यालाच शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) पक्की जोडा, शॅकलची पिन तारेने बांधून टाका, आणि दोर खडकावर अडकल्यास कापता यावा म्हणून दोघांकडेही सुरी असू द्या.