बोका दारावर फवारा का मारतो? ठाणे-नवी मुंबईतल्या मांजरवाल्यांनो, लिहा

पाचपाखाडी (धागा काढणारी)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण मागे पडलंय. आता विषय एकच, जिन्यातला वास. एक बोका रोज रात्री शू-रॅक, स्कूटरची चाकं आणि सेक्रेटरींचं सेफ्टी डोअर यांच्यावर लघवीचा फवारा मारून जातो. 'मुद्दाम करतो मेला' असं बहुमत आहे. मला नाही पटत. त्याचा निरोप दुसऱ्या मांजरांसाठी असतो, आपण उगाच मध्ये नाक खुपसतो. तुमच्याकडचं लिहा: कुठे घासतात, कुठे फवारतात, कशाने थांबलं. फोटो नकोत.

नेरुळ, तळमजला
आधी शू आणि फवारा वेगळे करा. शू करताना मांजर खाली बसतं, जमिनीवर करतं, भरपूर करतं. फवाऱ्याच्या वेळी आमचा गुंड्या पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा. शेपूट ताठ वर, टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी हलतायत, आणि चेहरा ध्यानाला बसल्यासारखा. मग पडद्यावर वीतभर उंचीवर ओली रेघ. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून व्हेटने विचारलं, 'बाहेर कोण येतं?' बघितलं तर खिडकीबाहेर एसीच्या युनिटवर एक दांडगा पिवळा बोका येऊन बसायचा. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी फिल्म लावली. शेजारच्या काकू त्या पिवळ्याला मासळीची डोकी टाकायच्या, त्यांना जागा बदलून मागच्या गेटपाशी टाकायला सांगितलं. पडदे वाचले. ऑपरेशनने बहुतेक बोके थांबतात, दहातला एखादा सुरूच ठेवतो. भाट्याही, म्हणजे माद्याही, फवारतात बरं का, फक्त कमी.

घोडबंदर रोड
आमच्याकडे फवारा नाही, घासाघाशी. रंगकाम काढलं तेव्हा पेंटर म्हणाला, 'ताई, इथे तेलाचा हात कोण लावतं?' पॅसेजचा कोपरा, फ्रिजची कड, दिवाणाचा पाय, सगळीकडे एकाच उंचीवर काळपट चिकट पट्टा. मनीच्या गालाची उंची! गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ, पंजे, इतक्या ठिकाणी वासाच्या ग्रंथी असतात. नव्या रंगाने तिचा सगळा पत्ता पुसला गेला होता, बिचारी कित्येक दिवस एकेक कोपरा पुन्हा घासत फिरत होती. नवरा ऑफिसातून आला की आधी त्याची पँट. सासूबाई म्हणतात माया, मी म्हणते शिक्का. दोन्ही असेल.
सोफा खरवडतात त्यांच्यासाठी: पंजातूनही वास सुटतो, त्यामुळे खरवडायचा खांब बाल्कनीत ठेवून उपयोग नाही. सोफ्याला खेटूनच ठेवा.

वाशी, केमिस्ट्री शिकवते
बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते तयार व्हायला कॉक्सिन हे प्रथिन लागतं, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. फेलिनीनला स्वतःला फारसा वास नाही. ते हळूहळू मोडतं आणि मग घाण सुटते. म्हणून सकाळी 'एवढं काही नाही' वाटतं आणि दुपारी जिना चढवत नाही. ऑपरेशन न झालेल्या वयात आलेल्या बोक्यात हे सगळ्यात जास्त.
जिन्यात फिनेल ओतणाऱ्यांना हात जोडून विनंती, थांबा. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि ते फरशीवरून चालून पंजे चाटतं. अमोनियावालं क्लीनरही नको, लघवीलाही तोच दर्प असतो. एन्झाइमवाल्या कपड्यांच्या पावडरचं पाणी, मग साधं पाणी, सुकल्यावर सर्जिकल स्पिरिटचा हात. रंगावर, पॉलिशवर आधी कोपऱ्यात करून बघा.

येऊरच्या पायथ्याशी
केमिस्ट्रीवाल्या ताईंना जोड. वाघाच्या फवाऱ्यात २-असिटिल-१-पायरोलिन असतं, वाघांवर संशोधन करणाऱ्या रतनलाल ब्रह्मचारींनी हे शोधलं. बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचा वास त्याचाच! आमच्या मागच्या जंगलातले बिबटेही झाडांच्या खोडांवर असेच फवारतात. तेव्हा सेक्रेटरींना सांगा, दारावर आलाय तो धाकटा भाऊ.

ऐरोली
दोघी सख्ख्या बहिणी, एका ताटात जेवणाऱ्या. एकीचं ऑपरेशन करून आणली तर दुसरी तिच्यावर फिस्कारून उठली. एकत्र राहणारी मांजरं एकमेकींना घासून घासून घरभर एकच वास करतात, आणि ही परत आली ती दवाखान्याचा वास घेऊन. दुसरीने तिची मान हुंगली आणि तोंड अर्धवट उघडून नाक मुरडल्यासारखी थांबली. टाळूला, वरच्या पुढच्या दातांच्या मागे वास चाखायचं वेगळं इंद्रिय असतं, त्यासाठी तो आविर्भाव. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवलं, एकच टॉवेल आलटून पालटून दोघींच्या गालांवर फिरवला. पुन्हा एका ताटात आल्या. अंघोळ घालून वास घालवायला जाऊ नका, आईने सुचवलं होतं.

कोपरखैरणे
घाईत लिहितोय पण वाचाच. आमचा बोका पुनःपुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, थेंबही येत नव्हता. बिल्डिंगमधल्या एकाने 'मार्किंग करतोय, दुर्लक्ष करा' असा सल्ला दिला. हे मार्किंग नव्हे! लघवीचा मार्ग बंद झाला होता. त्याच रात्री व्हेटने नळी घालून मोकळा केला. बोक्यांची नळी अरुंद असते, तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उभा राहून फवारतो तो वेगळा, बसून कुंथतो तो वेगळा. दुसरा दिसला की रिक्षा पकडा.

बेलापूर, निवृत्त
पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं, काही जण कुप्पी म्हणतात. मुळासकट उपटून मांजरापुढे टाका आणि गंमत बघा. आमचा म्हातारा बोका, एरवी हाक मारली तर कान हलवत नाही, तो मुळावर गाल घासतो, लाळ गाळतो, उताणा पडून लोळतो. माझ्या आजोळी पोरं मांजर पकडायला हीच मुळी वापरत. मांजरांना असंच वेड लावणारी कॅटनिप नावाची वनस्पती दुकानातून महागात कशाला आणायची?

खारघर
काका, आणली खोकली. आमच्या राणीने हुंगली आणि निघून गेली.

बेलापूर, निवृत्त
वय काय तिचं? कॅटनिपचंही सगळ्या मांजरांना वेड नसतं, साधारण तिसरा हिस्सा ढिम्म असतो, आणि ते आईबापांकडून येतं. अगदी लहान पिल्लांनाही काही वाटत नाही. आणि मुळी ताजी होती ना? पानं नुसती टाकलीत तर माझाही बोका बघत नाही.